बाय-टू

डॉक्टर रघुपती एवढे मोठ्याने हसले की बाहेर बाकावर बसलेल्या दोन बायकांनी पडदा सारून आत पाहिलं.

“अर्धी तुम्ही घेतली आणि अर्धी यांना दिली? अहो वासुदेव, तो काय देवाचा प्रसाद आहे वाटून खायला?”

वासुदेव खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याची बायको विद्याश्री शेजारच्या स्टुलावर. कालपासून तिचं डोकं ठणकत होतं, कानशिलं तापली होती. कशाने, हे सांगायची पाळी वासुदेवावर आली होती. साखरेच्या दुखण्यामुळे त्याला पुरुषपणाची अडचण येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनीच ओळखीतून परदेशची ती नवी निळी गोळी मागवून दिली होती. वर्षभर वर्तमानपत्रं तिच्याबद्दलच लिहीत होती. वासुदेवाने ती मधोमध मोडली आणि अर्धी बायकोच्या तळहातावर ठेवली.

त्याच्या मनात पाप नव्हतं. लग्न झाल्यापासून दोघं बाहेर पडली की बंगळुरातल्या रीतीप्रमाणे बाय-टू कॉफी घेत आली होती, एक कॉफी दोन पेल्यांत. मसाला दोसाही एकच मागवायचा. मग गोळी तरी एकट्याने कशी गिळायची, असा त्याचा सरळ हिशेब.

विद्याश्रीला हसू आलं नाही. तिने विचारलं, “मग डॉक्टर, माझ्यासाठी कुठली गोळी आहे?”

विचारलं तिने, उत्तर मिळालं नवऱ्याला. या डॉक्टरांचं नेहमीचंच ते. ताप हिला, जीभ बाहेर काढायची हिने, आणि ‘पाणी जास्त प्यायला सांगा’ हे वासुदेवाला.

“यांची पिशवी काढलीय ना, वासुदेव? मग आता काय राहिलं? भजनी मंडळात धाडा यांना. बायकांना इच्छा नसली तरी चालतं हो. अडतं ते पुरुषाचं.”

आणि वासुदेव हसला. मोठ्याने नाही, आपलं स्वल्प. मोठा माणूस काही बोलला की गरीब माणूस हसतो तसं. पण हसला.

परतताना कॉटनपेटच्या गर्दीतून तो पुढे आणि ती मागे, रोजच्यासारखीच. कापडाचे गठ्ठे उतरवणाऱ्या हातगाड्या, रिक्षांचे भोंगे, काहीच तिच्या कानात शिरत नव्हतं. चालतं म्हणे. कुणाचं चालतं? मला न विचारता यांनी कुठून ठरवलं?

आता खरं सांगायला कुणाच्या बापाची भीती आहे? विद्याश्रीला ते आवडायचं. नवऱ्याचा हक्क म्हणून नव्हे, बायकोचं कर्तव्य म्हणूनही नव्हे, तिला स्वतःला आवडायचं. सासू, दीर, पोरगा, सगळे दोन खोल्यांत दाटीवाटीने झोपत तेव्हासुद्धा ती दोघं आपापली संधी साधत, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात शिलाई मशीन चालवताना ती उगाच गुणगुणत असे. पुढे सासू गेली, दीर वेगळा झाला. पोरगा गिरीधर नोकरी लागल्यावर बायकोला घेऊन कोरमंगलाला राहायला गेला. जन्मात पहिल्यांदा अख्खं घर दोघांना मिळालं, आणि नेमकं तेव्हाच तिचं ऑपरेशन झालं.

रक्त थांबत नव्हतं म्हणून पिशवी काढायची ठरली होती. नर्सिंग होमवाल्यांनी सोबत दोन्ही अंडाशयंही काढून टाकली. तीही गेली हे वासुदेवाला व्हरांड्यात सांगितलं, तिला पंधरा दिवसांनी कळलं. त्यानंतर अंगातला ओलावाच आटला. जवळीक म्हणजे नुसती आग. ओठ चावून ती पडून राहायची आणि सकाळी मशीनवर बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुखतंय हे एकदा कसंबसं वासुदेवाला सांगितलं, तर बिचारा घाबरून गेला. पण विचारायचं कुणाला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणून ती अर्धी गोळी.

त्या संध्याकाळी वासुदेवाने आपली गादी गुंडाळली आणि पुढच्या खोलीत, दुकानात, कटिंगच्या टेबलाखाली नेऊन टाकली.

“हे काय?” तिने विचारलं.

“तुला त्रास नको. डॉक्टर म्हणतायत तेही खरंच आहे. आपलं वय झालं आता.”

“माझं वय तुम्ही दोघांनी ठरवलंत?”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच—”

“माझं भलं करताना एकदा मला विचारत जा.”

गादी मात्र तिथेच राहिली. विद्याश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंडाशयं काढली तेव्हा तिला विचारलं नाही. गोळी दिली तेव्हा ती कशाची हे धड सांगितलं नाही. आता अंथरूणही दुसऱ्यांनीच उचललं. तिच्या देहाच्या कारभारात गावाला मत होतं, फक्त तिला नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सुनंदाबाई ब्लाउजचं कापड शिवायला घेऊन आल्या. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, आता रिटायर. दुकानात एका कोपऱ्याला पडदा लावलेला होता, बायकांची मापं विद्याश्री तिथे घ्यायची. त्या पडद्याआड बायका हात वर करून उभ्या राहिल्या की त्यांच्या जिभाही सैल होत. सासूचे जाच, नवऱ्याचे प्रताप, सगळं तिने तिथे ऐकलं होतं. स्वतःचं मात्र कधी बोलली नव्हती. त्या दिवशी सुनंदाबाईंच्या पाठीवर टेप धरून, त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुधा, तिने सगळं सांगून टाकलं.

सुनंदाबाई वळल्या. “क्रीम नाही दिलं तुला कुणी?”

“कसलं क्रीम?”

“आतून लावायचं. दुखणं, कोरडेपणा जातो त्याने. कितीतरी वर्षांपासून मिळतंय. तुमच्या या बाजूच्या मेडिकलमध्येसुद्धा असेल.”

विद्याश्रीच्या हातातला टेप खाली लोंबकळला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिच्या भिंतीला लागून दुकान, तिथूनच ती नवऱ्याच्या साखरेच्या गोळ्या आणायची.

“मग मला कुणीच का नाही सांगितलं, सुनंदाबाई?”

“तू मागशील असं कुणाला वाटलंच नाही, बाई. टाके कसे जपायचे, जड उचलू नको, तिखट खाऊ नको, एवढं सांगायचो आम्ही. पुढे नवराबायकोचं काय, हे कुणी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही.”

“आणि इच्छेचं? त्याची गोळी आहे?”

सुनंदाबाईंनी पदर सारखा केला. “पुरुषांची निघाली, तर जगभर दिवाळी झाली. बायकांची शोधायला कुणाला सवड आहे? पण आधी दुखणं तर जाऊ दे. सारखं दुखत असलं तर इच्छा कुठून येणार? आमच्या दवाखान्यात लेडी डॉक्टर आहे, तिला दाखव. बघितल्याशिवाय आपल्या मनाने काही लावू नकोस.”

विद्याश्री गेली. एकटी गेली, वासुदेवाला न सांगता. लेडी डॉक्टर पोरसवदा होती, पेन हातात धरून घाईघाईने विचारत होती. पिशवी कधी काढली, गाठीबिठी कधी होत्या का, आणि मग, “यजमान तक्रार करतात?”

“नाही,” विद्याश्री म्हणाली. “तक्रार माझी आहे.”

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तपासलं, एकेक गोष्ट समजावून सांगितली, थेट तिलाच. तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

बाजूच्या मेडिकलवाल्या ज्योतिबाने चिठ्ठी वाचली, ट्यूब काढली आणि झटकन वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती.

“अक्का, अण्णांनाच पाठवायचं होतं ना,” तो हळूच म्हणाला. “मी त्यांना सांगितलं असतं कसं लावायचं ते.”

“अण्णांना कशाला? औषध माझं आहे.” तिचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू गेला. “आणि तो कागद काढ. मी काय चोरी करून चाललेय?”

ज्योतिबाने कागद सोडवला. ती ट्यूब हातात धरून रस्त्याने आली. अंगठ्याएवढी नळी. हिच्यावाचून तिने चार वर्षं आग सोसली होती. तिला रडू यायला हवं होतं, पण राग एवढा होता की रडायला जागाच उरली नव्हती.

दुकानात वासुदेव मशीनवर होता. शेजारच्या घरातली एक अक्का फॉलची साडी न्यायला येऊन उभी होती. विद्याश्रीने ट्यूब मशीनच्या फळीवर त्याच्यासमोर ठेवली.

“हे असतं. कितीतरी वर्षांपासून असतं. तुमचा डॉक्टर म्हणाला चालतं, आणि तुम्ही हसलात.”

वासुदेवाने ट्यूब उचलून पाहिली. वाचायला इंग्रजी येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिला.

“तो एवढा मोठा माणूस,” तो म्हणाला, “त्याच्यासमोर काय बोलायचं?”

“बोलू नका. पण हसायचं नव्हतं. मी शेजारी बसले होते.”

मशीन थांबलं होतं. त्याने मान हलवली. “चुकलंच,” तो म्हणाला. एवढंच. अक्का साडी घेऊन, पैसे नंतर देते म्हणत, सटकली.

विद्याश्री कटिंगच्या टेबलाखाली वाकली आणि त्याची गादी ओढून बाहेर काढली. कापसाची जुनी गादी, वजनाने जड. वरचे कापडाचे तुकडे झटकून तिने ती गुंडाळली.

“भर दुपारी? अगं, दार उघडं आहे. लोक बघतील.”

“बघू देत. दोन-तीन आठवडे लागतात म्हणाली डॉक्टर. तोवर नुसतं शेजारी झोपायचं. पुढचं मी सांगेन तेव्हा.”

“सरी, बरं,” तो म्हणाला.

गादी आतल्या खोलीत न्यायला एकटीला पेलत नव्हती. वासुदेव उठला, बोटातलं अंगुस्तान काढून फळीवर ठेवलं आणि सवयीने पुढचं टोक धरायला आला. विद्याश्रीने ते सोडलं नाही. तो थांबला, मग वळसा घालून मागे गेला आणि त्याने मागचं टोक उचललं.