दाजी बरे झाले

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टला घाबरतो म्हटल्यावर कोण हसणार नाही? म्हणून दाजींनी ते चारचौघांत कधी बोलूनच दाखवलं नाही. लिफ्ट कोसळून ते आणि त्यांचा मेहुणा आत अडकले, त्याला वर्ष होत आलं होतं. तरी कुठलंही दार बंद झालं की दोघांचीही छाती आवळायची.

इस्पितळात एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. झाल्या प्रसंगाविषयी बोलायचं आणि बोलता बोलता अंगात कुठे काय होतंय ते बघायचं. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दाजींना उपचार आधी, मेहुण्याला नंतर.

उपचार करणारी ताई जीव तोडून शिकवायची. "पाय जमिनीला टेकलेत ना? आता खांदे काय म्हणतात?"

खांदे काय म्हणणार, कप्पाळ! पण तिचं मन मोडवेना.

शेवटी तपासायला मुद्दाम परके डॉक्टर बसवले होते, म्हणजे भिडेपोटी कुणी खोटं बोलू नये. दाजी त्या परक्याशीसुद्धा भिडेपोटी खोटं बोलले.

"झोप?"

"मस्त!"

"लिफ्ट?"

"रोज जातो की!"

बायकोला केवढा आनंद झाला! तिने लगेच भावाला फोन करून सांगितलं.

पुढे मेहुण्याची पाळी आली आणि त्याने उपचार अर्ध्यावरच सोडला. "जा हो, तुमचं ऐकेल तो," म्हणून बायकोने दाजींना पिटाळलं.

मेहुणा वर्कशॉपमध्ये मोटर उघडून बसला होता. "तीच ताई, तेच खांदे, तेच पाय," तो मान खाली घालूनच म्हणाला. "तुम्ही बरे झालात, दाजी. खोट माझ्यातच आहे. मी मुळातच भित्रा."

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे, मी कसला बरा होतोय! थापा मारल्या मी. लाज वाटली रे खरं सांगायची."

"आणि मी?" मेहुण्याचा आवाज चिरकला. "तुमच्याकडे बघून रोज स्वतःला शिव्या घालत होतो मी!"

दाजींना मान वर करवेना. "डॉक्टरांना सांगतो. ताईलाही सांगतो."

"आधी माझ्या बहिणीला सांगा. आत्ता, माझ्यासमोर."

दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यांनी फोन लावला. पलीकडून बायको उत्साहाने म्हणाली, "काय हो, समजावलंत का त्याला?"