न जुळलेलं रक्त

फोन पुन्हा वाजला तेव्हा सरलाबाईची बोटं गोंदाने चिकट झाली होती. मांडीवर अर्धी साडी, शेजारी वाटीत चमकणारे स्टोन आणि खाटेवर थरथरणारा हर्षदाचा मोबाइल. हर्षदा न्हाणीत होती. स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसता नंबर. पण तो नंबर आता सरलाबाईच्या ओळखीचा झाला होता. गेला आठवडाभर तोच येत होता आणि हर्षदा तो बघून फोन पालथा घालत होती.

सरलाबाईने पदराला हात पुसला आणि फोन उचलला.

"हर्षदाबेन?" पुरुषाचा आवाज. तरुण.

"कोण?"

तिचा सूर ओळखून तोही गुजराती सोडून मराठीवर आला. "मी प्रशांत बोलतोय. हर्षदाला जरा भेटायचं होतं. फोनवर सांगण्यासारखं नाही. ती एकटी आली तरी..."

"कसाले भेटनं शे तुले?" सरलाबाईने आवाज दाबला, पण धार दाबली नाही. "परत फोन करशी ना, तर तुनं थोबाड फोडसू."

फोन जिथे होता तिथे ठेवून ती पुन्हा स्टोन चिकटवू लागली. हर्षदा केस पुसत बाहेर आली, तिला ती काही बोलली नाही. आधी नीट बघू, मग विचारू, असं तिने ठरवलं.

बघण्यासारखं बरंच होतं. हर्षदा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नवागामच्या त्या गल्लीत नर्सिंग शिकणारी ती पहिलीच मुलगी. कॉलेजात रक्तदानाचा कॅम्प झाला, तिथून आली ती काहीतरी घेऊनच आल्यासारखी. जेवताना आईच्या तोंडाकडे एकटक बघायची. आईने वर पाहिलं की नजर ताटात. एकदा ट्रंकेतून लग्नाचे फोटो काढून बसली होती. आणि प्रश्न भलतेच. "मम्मी, माझ्या जन्माच्या आधी आपण उधन्याला राहायचो ना? तेव्हा त्या खोलीत अजून कोण होतं?"

"भाईदासभाऊ व्हता. गावनाच माणूस. तवय सगळाच एक खोलीमा ऱ्हायेत."

"आणि पप्पांची नाइट असायची?"

"मिलमा नाइट ऱ्हासच." सरलाबाईने उत्तर दिलं खरं, पण तिला वाटलं, ही मुलगी कुठल्यातरी मुलाच्या नादी लागलीय आणि आता घरातून निघायच्या आधी घराचा हिशोब मांडतेय. प्रशांत हे नाव तिने मनात पक्कं केलं.

रविवारी सरलाबाईच्या नवऱ्याला, दगाला, सुट्टी होती. तो बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनवर होता. वीस-बावीस वर्षं वाफेत उभं राहून त्याच्या चेहऱ्याचा रंगही उकळून निघाल्यासारखा झाला होता. पण माणूस मोकळा, हसरा. हर्षदा कॉलेजातून छोट्या बाटल्या मागून घेऊन आली होती, एकीत निळं पाणी, एकीत पिवळं.

"पप्पा, बोट द्या. प्रॅक्टिस करायचीय."

"घे ना. मनं एबी शे, माले माहीत शे. मशीनमा बोट गयं तवय डाक्टरने रक्त चढाडं व्हतं."

"तरी बघते."

तिने काचेवर दगाच्या रक्ताचे थेंब घेतले, एकावर निळं टाकलं, दुसऱ्यावर पिवळं. काडीने ढवळलं. बघता बघता दोन्ही थेंब रव्यासारखे दाणेदार झाले. दगाला गंमत वाटली. "दोन्हीमा दाणा! मी डबल माणूस शे."

मग सरलाबाईचं बोट. तिचा पिवळ्यातला थेंब फुटला, निळ्यातला तसाच राहिला. शेवटी हर्षदाने स्वतःच्या बोटाला सुई टोचली. तिचे दोन्ही थेंब लालभडक, गुळगुळीत. ती कितीतरी वेळ ढवळत राहिली. काच उजेडाकडे धरली, पुन्हा खाली घेतली. "माझं ओ," ती हळूच म्हणाली.

"तुनं कसं साधंच ऱ्हायनं?" दगा हसत म्हणाला. "मंग तू कोनावर गयी?"

हर्षदा हसली नाही. काच घेऊन मोरीवर गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून नळाखाली धूत बसली. धुण्यासारखं त्या काचेवर काही उरलं नव्हतं. दगाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. सरलाबाई एकदा मुलीच्या पाठीकडे, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला काहीच कळलं नाही. फक्त एवढं कळलं, की या खोलीत दोघांना काहीतरी समजलंय आणि ते तिच्याबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी दगाने मिलच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. बापाचं एबी असेल तर पोराचं ओ होतं का? त्याने नकारार्थी मान हलवली. तो निसर्गाचा नियम आहे म्हणे. बापाकडून ए नाही तर बी, दोघांतलं एक पोराकडे यायलाच हवं. असं का विचारता, म्हणून कंपाउंडरने हसून पाहिलं, तेव्हा दगाने एका शेजाऱ्याचं नाव सांगितलं.

घरी आल्यावर तो हे बोलला नाही. त्याचा डबा मात्र तसाच परत यायला लागला. टीव्ही चालू असला की तो टीव्हीकडे न बघता हर्षदाच्या कानाकडे, नाकाकडे, हाताच्या बोटांकडे बघायचा. सरलाबाई पाण्याचा तांब्या ठेवायची, तर तो उठून माठातून स्वतः पाणी घ्यायचा. एका संध्याकाळी, हर्षदा क्लासला गेलेली असताना, त्याने विचारलं.

"तू उधनाले व्हती, तवय भाईदासनी कोनती पाळी ऱ्हाये?"

सरलाबाई भाकरी थापत होती.

"दिवसनी."

"आणि मनी रातनी."

"हा."

"मंग रातले खोलीमा कोन कोन ऱ्हाये?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने ती उलटली नाही. "तो गच्चीवर निजे. तुमले माहीत शे. तुमीच त्याले सांगेल व्हतं." ती त्याच्याकडे वळली. "मी तुमना मामानी पोर शे. पोलकं घाले तवयपासून तुमी माले वळखतस. आते इचारी ऱ्हायनात?"

दगा चप्पल घालून बाहेर गेला.

दोन दिवसांनी कामरेजहून धुरपदाबाईचा फोन आला. धुरपदाबाई म्हणजे भाईदासची बायको. भाईदासने मिल सोडून हायवेला टायर पंक्चरचं दुकान टाकलं होतं, तिथेच मागे घर. ती आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, दगा आला होता. भाईदास त्याला बघून हात पुसत उठला, चहा सांगायला वळला, तर दगाने मागून त्याची कॉलर धरली. सुनेसमोर, गिऱ्हाइकासमोर विचारलं की हर्षदा कोणाची. भाईदासने हातही वर केला नाही. दगा निघून गेल्यापासून तो माणूस कोणाशी बोलला नव्हता, तोंडात घास घातला नव्हता.

"सरला, तू माले खरं सांग," धुरपदाबाई शेवटी म्हणाली, आणि त्या एका वाक्याने सरलाबाईच्या हातातला फोन जड झाला. म्हणजे तिलाही वाटत होतं.

"माले माहीत नही वो, ह्या लोक कसाबद्दल बोली ऱ्हायनात," सरलाबाई म्हणाली. धुरपदाबाईने फोन ठेवला.

हर्षदा घरी आली तेव्हा सरलाबाईने दाराला कडी घातली. "तू सांग. तुना पप्पानी त्या थेंबमा काय देखं?"

हर्षदा भिंतीला टेकून बसली आणि सगळं सांगितलं. कॅम्पमध्ये तिचं रक्त ओ निघालं. घरी बापाचं एबी, हे तिला लहानपणापासून माहीत. वर्गात वाटाण्यांच्या रोपांपासून शिकवलं होतं, गुण आईबापाकडून मुलांकडे कसे येतात ते, आणि मग रक्तगट. बाईंनी फळ्यावर चौकट काढली होती. एबी बापाच्या चौकटीत ओ मूल बसतच नव्हतं.

"मी कोणाला बोलले नव्हते, मम्मी. फक्त एकदा खात्री करायची होती. मशीनच्या अपघातात डॉक्टरांनी चुकून एबी लिहिलं असेल, असं वाटलं होतं. पण थेंब तर माझ्यासमोर..."

"तुले वाटनं, मम्मी खोटी शे."

"नियम आहे तो. वाटाण्यात, गाईत, माणसात, सगळीकडे तसंच होतं. मी काय करू?"

"नियम खरा शे ना?" सरलाबाई तिच्यासमोर खाली बसली. "मी बी खरी शे. मंग दोन्हीसमा कोन खोटं बोली ऱ्हायनं, ते तू शोध. तू शिकेल शे."

हर्षदाने तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा प्रयत्न केला. सरलाबाईने मांडी काढून घेतली नाही, पण केसांवरून हातही फिरवला नाही.

शोध मात्र हर्षदाला लावावा लागला नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात तिला बोलावणं आलं. रक्तपेढीवाले कितीतरी दिवसांपासून तिला फोन करत होते, आणि अनोळखी नंबर म्हणून ती तो टाळत होती. उचलत नाहीत, उचलला तर घरातली बाई शिव्या देते, म्हणून त्यांनी कॉलेजातच निरोप दिला होता. जमलं तर आईवडिलांना घेऊन ये, असंही सांगितलं होतं.

दगा यायला तयार नव्हता. हर्षदा त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, माझ्यासाठी चला. शेवटचं." तो मिलच्या कपड्यांतच आला.

रक्तपेढीतला टेक्निशियन चष्मा लावलेला, विदर्भातला, हडकुळा मुलगा होता. तो बोलायला लागला आणि सरलाबाईने आवाज ओळखला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मावशी, तुम्हीच ना माझं थोबाड फोडणार होता?" प्रशांत म्हणाला, पण लगेच गंभीर झाला. त्याने तिघांचंही रक्त घेतलं, आत गेला. तिघं बाकावर बसून राहिले, मध्ये हर्षदा. पंख्याचा आवाज येत होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

बाहेर आल्यावर प्रशांत आधी हर्षदाशी बोलला. "कॅम्पमध्ये तुझं ओ आलं. पण बाटली इथे आल्यावर आम्ही उलटी तपासणी करतो. तुझं रक्त आम्ही ओच्या रक्ताशी जुळवलं, तर जुळेचना. गुठळ्या झाल्या. म्हणजे तू ओ नाहीच."

"मग?"

"बॉम्बे ग्रुप. पहिल्यांदा मुंबईत सापडला, म्हणून तसं नाव. फार कमी लोकांत असतो." मग तो सरलाबाईकडे वळला. तिच्या बोटांवरचा वाळलेला गोंद त्याला दिसला असावा. "मावशी, साडीवर स्टोन लावता ना? आधी गोंद लागतो. गोंदच नसला तर स्टोन हातात असून लावणार कुठे? ए म्हणा, बी म्हणा, हे रक्तावरचे स्टोन समजा. हिच्या रक्तात तो खालचा गोंदच नाही. बापाकडून आलेलं हिच्यात आहे, पण बसायला जागा नाही, म्हणून वरून ओ दिसतं. आणि असं व्हायला आईबाप दोघांकडूनही तो दोष यावा लागतो." त्याने दगाकडे पाहिलं. "नात्यातलं लग्न आहे का, काका?"

"मामानी पोर," तो म्हणाला.

"बघा. मग दोघांच्या घराण्यात आहे ते." आणि तो हर्षदाला सांगू लागला की तिला कधी रक्त लागलं तर फक्त याच गटाचं चालेल, आणि दूर कुठे एखाद्या अडलेल्या बाईला लागलं तर तिला फोन येईल, तेव्हा तो उचलावा.

हर्षदा रडत होती. "नियम चुकला नव्हता," ती पुटपुटली. "मला अर्धाच माहीत होता."

जिन्यावर दगा सरलाबाईच्या बरोबरीने उतरायला लागला. खाली रस्त्यावर उसाच्या रसाची हातगाडी होती. "चाल, रस पिऊत," तो म्हणाला.

"पयले कामरेज," सरलाबाई म्हणाली, आणि हर्षदाला घरी पाठवून दिलं.

बस हायवेला थांबली. भाईदास एका ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसला होता. त्याने दोघांना येताना पाहिलं आणि मान खाली घातली. दगा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. रक्त, मुंबई, गोंद, जे लक्षात राहिलं होतं ते सगळं त्याने एकापाठोपाठ एक सांगितलं. शेवटी म्हणाला, "भाईदास, मनी चूक व्हयनी."

भाईदास पान्याने नट आवळत राहिला. पूर्ण आवळून झाल्यावर उठला, पण दगाकडे त्याने पाहिलं नाही. "वहिनी," तो म्हणाला, "इतली लांब उना. जेवी जा."

धुरपदाबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने सरलाबाईचा हात धरून तिला आत नेलं, पाट मांडला आणि एकच ताट वाढलं. वांग्याची भाजी, भाकर, कांदा. वाढताना तिचे डोळे वाहत होते. तिने ते पुसले नाहीत, आणि सरलाबाईनेही पुस म्हटलं नाही.

दरवाजा उघडाच होता. भाईदासने दुसरं चाक समोर ओढून घेतलं होतं. दगा त्याच्यापासून चार हातांवर उन्हात उभा होता. ट्रक जवळून गेला की त्याच्या अंगावर धूळ उडायची, ती तो झटकत नव्हता. मध्येच त्याने घराकडे पाहिलं. त्याची आणि सरलाबाईची नजरानजर झाली.

कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. तिने सावकाश भाकर संपवली आणि रिकामं ताट पुढे केलं.

"धुरपदा," ती म्हणाली, "आखो अर्धी दे."