सात गाठींची भिंत

आमच्या कारखान्यात रंगमंचाचे पडदे शिवतात. छतापासून जमिनीपर्यंत कापड लोंबतं, खिडकीतलं ऊन त्यातून गाळून येतं, आणि पलीकडून चालणारा माणूस पाण्याखालून चालल्यासारखा दिसतो. इथे कोणी ओरडलं तरी आवाज मखमलीत बुडतो. म्हणून मी ओरडत नाही, टोचून बोलते. ते मखमलीतूनही आरपार जातं.

मी चौथीत शाळा सोडली, पण कारखान्याचं सगळं काम माझ्या एका भिंतीवर आहे. एका कामाला एक दोरा, पडद्याच्याच रंगाचा, खिळ्याला टांगलेला. माप घेतलं की पहिली गाठ, कापड आलं की दुसरी, मग काप, शिलाई, अस्तर, कड्या, आणि पडदा जागेवर चढला की सातवी. गाठ मीच मारायची. दुसऱ्या कोणी हात लावला तर त्याची धडगत नाही.

मुलाने गावाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक शेड घेतली आणि पंचाईत झाली. रोज फोन, "आई, भिंत काय म्हणते?" शेवटी सून म्हणाली, "आई, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेऊ या. दोन्हीकडे एकदम दिसेल."

"घे की. भिंत पाड, आणि मला अडगळीत टाक."

"अडगळीत तुम्ही मावणार नाही." तिची जीभ माझ्याच हाताखाली तयार झाली आहे. "सॉफ्टवेअर काय, बाजारात ढिगाने आहेत. ते आपल्या अंगवळणी पाडून देणारा सल्लागार नीट हवा. तो तुम्हीच निवडा."

मी हो म्हटलं खरं, पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. काही महिन्यांपासून निळं आणि करडं मला एकच दिसत होतं, दोन्ही धुक्यासारखं. दोरे मी खिळ्यांच्या जागेवरून ओळखायची. हे कळलं असतं तर भिंत माझ्या हातून गेली असती. भिंत गेल्यावर मी कोण? कोपऱ्यात चहा पिणारी म्हातारी. दुपारी डोळा लागला की स्वप्नात दोरे लांबत लांबत खिडकीबाहेर जायचे, आणि मी गाठी मोजत त्यांच्यामागून तरंगत जायची.

पहिला सल्लागार आला तो बूट चमकवून. भिंतीसमोर हात जोडून म्हणाला, "आजी, ही तर कला आहे! काचेत लावा."

"काचेत लावल्यावर गाठ कशी मारू? काच फोडून?" मी म्हटलं. तो हसला आणि संगणकाच्या पडद्यावर चित्रं दाखवत राहिला. कोणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्याचं सगळ्याला 'हो'. पंधरा दिवसांत बसवता? हो. दोन्ही शेडना चालेल? हो.

"आणि मधेच मी मेले तर?"

"काही अडचण नाही, आजी."

सून पदराआड हसत सुटली. त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरी एक सडपातळ बाई होती. खांद्याला साधी पिशवी. म्हणाली, "आज मी काही दाखवणार नाही, बघणार आहे." दिवसभर ती टेबलाटेबलाशी उभी राहिली. आमच्या कापणाऱ्याला सगळे कात्रीमामा म्हणतात. त्यांना तिने विचारलं, "हे निळं कापड असंच का पडलंय?"

"ते कापून झालंय," मामा म्हणाले.

"पण हे तर अख्खं आहे."

"भिंतीवर निळ्याला पाच गाठी आहेत. पलीकडच्या शेडमध्ये कापलं असेल. हे उरलेलं."

सहा दिवस ते कापड मामांच्या नाकासमोर होतं. पण गाठ म्हणते कापलं, तर कापलं!

ती सरळ माझ्याकडे आली. सगळे ऐकत होते. "आजी, दोन दोऱ्यांची अदलाबदल झाली आहे. करडा पडदा अस्तरासकट तयार आहे, आणि त्याच्या दोऱ्याला दोनच गाठी. गाण्याच्या शाळेचा निळा अजून कापलेला नाही, आणि त्याला पाच. तो चार दिवसांनी चढवायचा आहे ना?"

शिलाई यंत्रं थांबली. वाऱ्याने एक पडदा हलला तेवढाच.

"माझी भिंत वीस वर्षांत चुकलेली नाही," मी म्हटलं.

"भिंत नाही चुकली. गाठ चुकली." तिने नजर खाली वळवली नाही.

मला एकदम आठवलं. मध्यंतरी भिंतीला रंग दिला तेव्हा दोरे मीच उतरवले होते, आणि मीच पुन्हा टांगले होते. मिजाशीत, कोणाला न विचारता. मी त्या दोन दोऱ्यांसमोर उभी राहिले. धुकं, आणि शेजारी धुकं. म्हटलं असतं की मामांनी घोळ घातला, तर मामा मान खाली घालून ऐकून घेणारे. पण गाण्याच्या शाळेतली मुलं उघड्या रंगमंचावर उभी राहिली असती.

"मला निळं आणि करडं वेगळं दिसत नाही," मी म्हटलं. "गेले कित्येक महिने. आता काय ते बोला."

सुनेने माझा हात धरला. मी झटकला. तिने पुन्हा धरला.

"मग गाठी कशा मोजता?" त्या बाईने विचारलं.

"बोटांनी. अजून ती म्हातारी नाही झाली."

"मग दोरेही बोटांना कळतील असे घेऊ. एक सुतळी, एक रेशीम, एक लोकर. संगणकावर सूनबाई लिहितील, भिंतीवर तुम्ही गाठ माराल. रोज सकाळी दोन्ही ताडून बघायचं. जुळलं नाही तर कापडच जाऊन बघायचं. आणि आजी, मला दीड महिना लागेल. पंधरा दिवसांत होणार नाही."

"हिलाच ठेव," मी सुनेला म्हटलं. "हिच्या तोंडाला लगाम नाही. कामाची आहे."

मामांनी त्याच क्षणी कात्री उचलली, आणि मी निळ्यासाठी रेशमाचा नवा दोरा घेऊन त्याला दोन गाठी मारल्या. चार दिवस दोन्ही शेडमध्ये निळं आणि निळंच होतं, असं सगळे म्हणत.

गाण्याच्या शाळेत मी पहिल्या रांगेत बसले. दिवे मंद झाले आणि पडदा सावकाश सरकला, नदीवरून धुकं सरकावं तसा. मुलांचा सूर लागला.

सून कानाशी कुजबुजली, "निळा आहे, आई. सुंदर निळा."

"मला काय सांगतेस? माझाच आहे," मी म्हटलं, आणि पिशवीत हात घालून रेशमाच्या दोऱ्याला सातवी गाठ मारली.