नाग मागच्या सीटवर

अकोल्याच्या जुन्या शहरात महादेवरावांच्या न्हाणीघरात नाग निघाला, तेव्हा रागिणीची स्कूटर नेमकी गॅरेजमध्ये होती. साप धरायचं काम ती कॉलेजात असल्यापासून करायची. तिनं धाकट्या भावाला, कुलदीपला, मोटारसायकल घेऊन बोलावलं. कुलदीप सापाला भ्यायचा. पण ताईला नाही म्हणायची हिंमत त्याच्यात त्याहून कमी होती.

नाग बारीक भोकांच्या प्लॅस्टिकच्या बरणीत गेला, झाकण फिरलं. वर बांधायची पिशवी पकडापकडीत फाटली होती. "बरणी पुरे," रागिणी म्हणाली. नाग वनखात्याच्या ऑफिसात नेऊन द्यायचा होता. बरणीवर ओढणी टाकून, ती दोघांच्या मधात धरून रागिणी मागं बसली.

मोर्णा नदीच्या पुलापुढं मोठ्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. कुलदीपनं गाडी एका कॉलनीत घातली आणि सवयीनं वेग वाढवला. स्पीडब्रेकरवरून गाडी उडवत जायची त्याची ऐटच होती. पण हा ब्रेकर नवा होता, पांढरे पट्टे नसलेला, रस्त्याच्याच रंगाचा. गाडी उडाली, आदळली. मागं कट् असा आवाज झाला.

"ताई, लागलं का?"

"थांबू नको." रागिणीचा आवाज अगदी हलका होता. "बरणीले तडा गेला. झाकण आटे सोडून राह्यलं. मी दाबून धरलं हाय."

कुलदीपचा हात ब्रेककडे गेला.

"कचकन ब्रेक नको मारू! सामोर पाह्य."

पुढं रस्त्यावरच पोरं क्रिकेट खेळत होती. भाजीच्या गाडीभोवती बाया उभ्या होत्या.

"इथं बरणी फुटली तं नाग पोरांत जाईन. कॉलनीच्या टोकाले मैदान हाय, तिथवर ने. हळू."

दुसरा ब्रेकर दिसला.

"ब्रेक आधी मार, चढताना सोडून दे. सरळ घे, तिरपी नको."

त्यानं गिअर उतरवला. पुढचं चाक सावकाश चढलं, उतरलं, मग मागचं. बरणी त्याच्या पाठीला टेकली आणि शर्टातून त्याला आतलं वळवळणं जाणवलं. त्यानं पाठ हलवली नाही.

मागून एक जण हॉर्न बडवत आला, "चाल ना भाऊ, झोपला का?" म्हणत पुढं निघून गेला. एरवी कुलदीपनं त्याला गाठलं असतं. आता तो नुसता डाव्या बाजूला सरकला. तेवढ्यात चेंडूमागं एक चिमुरडी थेट चाकासमोर आली. गाडी इतकी हळू होती, की झटका न देता थांबली.

"काकू, त्याच्यात काय हाय?"

"लोणचं हाय बाई. आईकडे जाय."

शेवटचा ब्रेकर उंच होता, कडेनं उखडलेला. पुढचं चाक पार झालं आणि गाडी मधातच बंद पडली. इंजिन गप्प झालं, तसा फुत्कार स्पष्ट ऐकू आला.

"कुलदीप, झाकण वर येऊन राह्यलं."

त्यानं तिथं किक मारली नाही; चढावर हिसका बसला असता. क्लच दाबला, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि गाडी बोटाबोटानं पुढं ढकलली. मागचं चाक चढलं. उतरताना त्यानं ब्रेकवर गाडीला पेलून धरलं. मग चालू करून मैदानात नेली.

रागिणी बरणी छातीशी धरून उतरली. "थ्या सामोरच्या दुकानातून पोतं आण. पय लवकर."

तो पोतं घेऊन धावत आला आणि चार पावलांवर थबकला.

"माहे दोन्ही हात झाकणावर हायेत," ती म्हणाली. "पोत्याचं तोंड उघडून तुलेच धरा लागते."

कुलदीपनं डोळे मिटले, लगेच उघडले आणि जवळ गेला. पोत्याचं तोंड त्यानं ताणून धरलं. रागिणीनं अख्खी बरणी आत उतरवली, हात काढले, गाठ मारली. पोतं एकदा हललं, मग निवांत झालं.

वनखात्याची जीप तिनं मैदानावरच बोलावली. कुलदीप खाली बसला. रागिणीच्या तळव्यावर झाकणाचे लाल वळ उठले होते.

"तुले भेव नाही वाटलं, ताई?"

"लय वाटलं. तू दुसऱ्या ब्रेकरले गाडी हळू केली, तवा जरा जीव खाली पडला."

जीप आली तेव्हा पोतं उचलायला कुलदीपच आधी उठला.