सतरा नंबरचा अर्ज

"क्षमस्व, पण..." सतरा नंबरच्या अर्जाचं पहिलंच वाक्य वाचून अनुदान विभागाच्या कारकून सुलास्त्रीबाईंनी, तिकडच्या भाषेत बू सुलास्त्रींनी, कपाळावर हात मारला. अर्जावर नाव नव्हतं. नावं झाकायची हाच तर नियम. पण संशोधनाचा अर्ज माफी मागून सुरू करणारा माणूस इंडोनेशियातल्या सेमारंगच्या त्या विद्यापीठात एकच होता, पाक कुस्वांदी, म्हणजे कुस्वांदी सर. बूंनी त्यांचे कागद तीस वर्षं टाइप केले होते आणि त्यांचा या भोळ्या प्राध्यापकावर जीव होता.

नियमही पाकांचाच. पूर्वी अनुदान मिळायचं ते वरिष्ठांच्या मेहुण्या-भाच्यांना. तेव्हा याच मवाळ माणसानं हट्ट धरून नवी पद्धत आणली. अर्ज तपासायचे निकष दोन-दोन समोरासमोर ठेवायचे, कोणता किती जड ते ठरवायचं आणि मगच अर्जांची पाकिटं उघडायची. "नाहीतर माणूस बघून माप काढाल," असं ते भर बैठकीत म्हणाले होते. सोबत तरुण संशोधक असण्याला सर्वांत जास्त वजन मिळालं, तेही त्यांच्याच आग्रहानं.

आणि सतरा नंबरात तरुण कोणीच नव्हतं. परीक्षकांनी तिथे शून्य दिलं. बेरीज केली तर चौथा क्रमांक, अनुदानं तीनच. पाक जूनमध्ये निवृत्त होणार, त्यानंतर त्यांना अर्जच करता येणार नव्हता. खचत चाललेल्या किनाऱ्याची त्यांची मोजणी तिथेच थांबणार होती.

शून्याच्या जागी एक, एवढंच करायचं होतं. बूंचं बोट बराच वेळ त्या आकड्यापाशी घुटमळलं. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि यादी होती तशी छापली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाक टेंपेची, म्हणजे तळलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, पुडी घेऊन आले.

"घ्या बू, गरम आहे. तोंड का उतरलंय?"

"एखादं पोरगं तरी जोडीला घ्यायचं होतंत, पाक! स्वतःच वजन वाढवलंत नि स्वतःच आपटलात."

"विचारलं होतं हो चौघापाचांना. गुडघाभर चिखलात उभं राहायला कोण येतंय?" ते हसले. "किती कमी पडलं?"

"थोडंसंच. मी... आकडा बदलणार होते."

"तुमच्या जागी मी असतो तर बदललाच असता. म्हणून तर पद्धत लागते."

पुडी तिथेच ठेवून ते निघाले. दारात चपला घालता घालता थांबले.

"पुढच्या वर्षी अर्जाची शेवटची तारीख काय?"

पुढच्या वर्षी तर ते निवृत्त झालेले असणार. तरी सगळ्यांना सांगत तसंच बूंनी सांगितलं, "पंधरा फेब्रुवारी. पाच प्रती."

पाकांनी खिशातली वही काढली आणि तारीख नीट लिहून घेतली.