चौरंगावरच्या दहा कळ्या

शुक्रवार पेठेतल्या धर्मशाळेपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पेशवाईतला तो वैशाख. कौलं तापलेली, पेठेत जरीमरीची साथ शिरलेली, आणि अशात मच्छिंद्रमहाराजांच्या चौरंगावर भस्माच्या ढिगात खोचलेले गुलाब चार-चार दिवस टवटवीत राहत होते. पाण्याचा थेंब नाही, तरी पाकळी सुकत नाही. लोक हात जोडून रडत होते. घाबरलेल्या माणसाला मोठा चमत्कार लागतच नाही, एवढा पुरतो.

आज महाराजांनी कौल लावला होता. पेठेत वावरणाऱ्या दहा बायकांनी एकेक कळी द्यायची आणि महाराजांनी ती स्वतःच्या हाताने भस्मात खोचायची. दिवस कलायच्या आत जिची कळी मान टाकील, तिनेच जरीमरी आणली. मग तिच्या कपाळावर डाग द्यायचा आणि तिला नदीपार हाकलायचं.

नऊ कळ्या उमलल्या. दहावीने मान टाकली, आणि ती मुक्ताबाईची होती.

मुक्ताबाई हडपसरची माळीण. रोज पहाटे फुलांची पाटी डोक्यावर घेऊन पेठेत यायची. परवाच ती महाराजांना म्हणाली होती, "म्हाराज, रातच्याला फुलं बदलता व्हय?" तेव्हा महाराजही हसले होते. आता कोपऱ्यातल्या शेगडीत सळई लाल होत होती, आणि ते हसू आठवून मुक्ताबाईच्या तोंडाला कोरड पडली.

"दहाही कळ्या हिच्याच पाटीतल्या," कळी देणाऱ्यांपैकीच एक, सोजरबाई, म्हणाली. "एका झाडाच्या, एका वेळी खुडलेल्या. मग हिचीच का वाळावी?"

सोजरबाईची आठ वर्षांची हेमा दोन दिवस जुलाब आणि ओकाऱ्यांनी अंथरुणाला खिळली होती. पोर सारखी पाणी मागायची. पण पाणी पाजलं तर देवी कोपेल, अशी महाराजांची आज्ञा होती, म्हणून आई कानांवर हात ठेवून उशाशी बसायची.

हेमाच्या केसांत परवा मुक्ताबाईनेच गजरा माळला होता. खरंच आपल्या हातात काही वाईट असेल का? तिने हात पदराखाली लपवले.

"कबूल हो, चांडाळणी!" महाराज गरजले. "हे कैलासीचं भस्म आहे. यात सतीचं फूल सात जन्म सुकत नाही."

"सात जन्म?" हेमाला बघून आलेले गोपाळकृष्ण वैद्य पुढे येत म्हणाले. "आपण मोजायला जातीने हजर होतात वाटतं."

कुणीही हसलं नाही. दोघा गड्यांनी मुक्ताबाईचे दंड धरले.

सळईकडे बघवेना, म्हणून तिने फुलांकडे पाहिलं. वीस वर्षं तिचे हात फुलांत होते. इतक्या भीतीतही तिच्या मनात एक गोष्ट अडकून बसली. सकाळी दिलेल्या कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. पाण्यात बुडवलेलं फूल देवाला चालत नाही, हा पेठेचा रिवाज. म्हणून तीही पाटीवर नुसतं ओलं फडकं टाकायची, आणि दुपारपर्यंत निम्मी फुलं मलूल व्हायची. खुडलेली कळी फडक्याखाली जेमतेम तग धरते. असल्या उन्हात पुरती उमलायची तर तिला देठाने पाणी प्यावं लागतं. मळ्यातल्या मडक्यात ठेवलेल्या फांद्यांवर तिने ते कितीदा पाहिलं होतं. देवाच्या फुलाखाली पाणी असेल, हे पेठेत कुणाच्या मनातही येणार नव्हतं.

"सोजरबाई," ती म्हणाली, "द्या डाग. पन आधी तुमचं फूल उपसून माज्या जागी लावा, अन् माजं तुमच्या. देवी मला वळखत असंल, तर जागा बदलून बी वळखंल."

"खबरदार!" महाराज उठलेच. "फूल उपसलंस तर पोर जाईल."

सोजरबाईचा हात वाटेतच थांबला.

"पोर पाण्यावाचून जातेच आहे, बाई," वैद्य हळूच म्हणाले. "उपसा."

तिने डोळे मिटून फूल ओढलं. देठाच्या टोकाला भस्माचा चिखल होता, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. वैद्यांनी चौरंगावरून खाली सोडलेलं भगवं फडकं वर केलं. आत काठोकाठ भरलेलं मोठं मडकं होतं. भस्म बाजूला सारलं, तर चौरंगाच्या फळीला नऊ भोकं पाडलेली. मुक्ताबाईच्या कळीखाली मात्र फळी अखंड होती.

महाराज मागच्या दाराकडे सरकले, पण वाट आता मोकळी नव्हती. गड्यांनी मुक्ताबाईचे दंड सोडले. ती तिथेच खाली बसली.

सोजरबाई मडक्याकडे बघत राहिली. "फुलांना पाजत होता हा," ती म्हणाली. "आणि माझ्या लेकीला..." पुढचं न बोलताच ती घराकडे धावत सुटली. तिच्या मागोमाग वैद्यही निघाले. साळीच्या लाह्या उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ आणि साखर, असं ते हेमाला रात्रभर पळीपळीने पाजत राहिले.

हेमा वाचली. त्याआधी पेठेत किती जण तहानलेले गेले, ते कुणी मोजलं नाही.

वाचकहो, महाराजांपाशी मंत्र नव्हता, मडकं होतं. ते इतके दिवस लोकांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होतं आणि कुणीही वाकून पाहिलं नाही, कारण सगळे भ्यालेले होते. भीती तुम्हालाही वाटेल. मुक्ताबाईलाही वाटत होती, तरी तिने विचारलं. तुम्हीही विचारा, आणि कुणाच्या कपाळावर डाग पडायच्या आत विचारा.