रुझिकाच्या उपासाच्या वड्या

"तिहोमिर! हे कुठून आणलंस?"

रुझिकाच्या हातात मार्गरिनचा चुरगळलेला कागद होता. ओटा आवरताना तो सापडला आणि सवयीप्रमाणे तिनं चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. वनस्पती तेल, पाणी, मीठ, दुधाची भुकटी.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून," कॉफीचा घोट घेत नवरा म्हणाला. "तुझं नेहमीचं संपलं होतं. हेही हिरव्याच कागदात होतं की."

"यात दूध आहे!"

"असून असून किती असेल? चिमूटभर."

रुझिका मटकन खुर्चीत बसली. काल दुपारी सात घरांचे डबे गेले होते. अक्रोडाच्या वड्या, जर्दाळूचा मुरंबा भरलेली बिस्किटं, सगळं याच मार्गरिनमधलं. आणि आज संत निकोलाचा दिवस! वाल्येवो गावातल्या अर्ध्या घराण्यांचा संत हाच. त्याची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण, दरवर्षी नाताळाआधीच्या उपासात येते. आलेल्यागेलेल्याला भरपेट जेवू घालायचं, पण त्यात मासळी चालते, दूध, अंडं, मांस नाही. सकाळचे अकरा वाजले होते. म्हणजे घरोघरी पाहुणे बसलेसुद्धा असणार.

तिच्या स्वतःच्या घरात तीन वर्षं दुधाचा थेंब आलेला नव्हता. हृदयाचा झटका येऊन गेला, डॉक्टरांनी दम भरला आणि तिनं ईस्टरच्या आधीचा सात आठवड्यांचा, मासळीसुद्धा वर्ज्य असलेला उपास धरला. ईस्टर आला, लोकांनी कोकरू भाजलं, आणि हिचा उपास काही सुटला नाही. अंगाला मानवला, मनालाही. "आमच्याकडे बारमाही उपास," तिहोमिर मित्रांना सांगायचा आणि बाहेर जाऊन कबाब खाऊन यायचा. शर्टांच्या कारखान्यानं तिला घरी बसवलं त्याच वर्षी. मग ती अंड्या-दुधावाचूनची पक्वान्नं भाजून विकू लागली. उपासाची घरं डोळे मिटून तिच्याकडून घ्यायची, कारण तिच्या स्वयंपाकघरात चुकूनही भलतंच पडायचं नाही. तिचा सगळा धंदा त्या एका खात्रीवर उभा होता.

"गप्प बस ना," तिहोमिर हळूच म्हणाला. "कुणाला कळणारे? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा."

"ते माझ्या भरवशावर खातायत रे."

तिनं फोन उचलला. पहिल्या घरची बाई हसली. दुसरी म्हणाली, "अगं बाई, आम्ही कुठं एवढं पाळतो!" चौथ्या घरच्या म्हाताऱ्या मिलुंका आजी मात्र हसल्या नाहीत. रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मोडला नव्हता गं माझा. सांगितलंस ते बरं केलंस. पण पुढच्या वर्षापासून मीच करीन बाई, जमेल तसं." रुझिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटचा फोन माहेरच्या शेजारणीला, मिलेवाला.

"अगं, तो डबा माझा नव्हताच," मिलेवा चाचरत म्हणाली. "तुझ्या वहिनीनं मागवला होता, माझ्या नावावर. म्हणाली, रुझाच्या हातचं हवंय, पण यांना कळू देऊ नकोस."

रुझिकानं फोन खाली ठेवला.

संत निकोला हा तिच्या माहेरचाही संत, आता थोरल्या भावाचा, व्लास्तिमिरचा. दोन वर्षांपूर्वी तिच्या सासरच्या स्लावाला नोव्हेंबरात, उपास लागायच्या आत, त्यानं ताटात डुकराचं भाजलेलं मांस शोधलं आणि त्याला सापडली मश्रूम भरलेली कोबीची पानं. "बैलालासुद्धा याहून बरं घालतात!" भरल्या टेबलावर तो ओरडला आणि ताट सरकवून चालता झाला. तेव्हापासून ना तो तिच्या स्लावाला आला, ना ती त्याच्या. इथं स्लावाला बोलावणं कुणी करत नाही, ज्याचं त्यानं यायचं असतं. न येणं म्हणजे संबंध संपला.

तिनं वहिनीला तीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. एवढ्या पाहुण्यांत ऐकू कुठलं येणार!

"आता तरी सोड," तिहोमिर म्हणाला. "तो सगळ्यांसमोर तुझी शोभा करेल. दुधाच्या थेंबावरून आम्हाला नाचवलंस आणि आता दूधच खाऊ घातलंस, म्हणेल."

"म्हणू दे. खरंच आहे ते."

तिनं कोट चढवला. पुलापलीकडची चढण, वर बर्फाचा चिखल. वीस मिनिटं ती मनात वाक्यं जुळवत चालली. दारातूनच सांगायचं आणि मागे फिरायचं. सलोख्यासाठी निमित्त काढून आली असं त्याला वाटायला नको, हीच तिला धास्ती.

दार व्लास्तिमिरनंच उघडलं. अंगात काळा सूट, हातात ब्रँडीची बाटली. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही, उभ्यानं वाढतो. आज सकाळपासून तो उभाच होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

"दादा, मी बसायला नाही आले. एक सांगायचं…"

"आधी गहू."

"आधी ऐकून तर घे."

"या दारात आलेला माणूस आधी गहू घेतो, रुझे. आईनं हेच शिकवलं ना तुला?"

कोविल्का वहिनी गोड शिजवलेल्या गव्हाचा वाडगा घेऊन धावत आली. रुझिकानं क्रुसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात घातले, आणि आईच्या हातची तीच चव जिभेवर येताच तिचे डोळे भरून आले. मग ती तशीच आत गेली आणि दहा-बारा पाहुण्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "या वड्या माझ्या आहेत. यात दूध गेलंय. चूक माझी, कागद आधी वाचायला हवा होता. वहिनीचा काही दोष नाही."

सगळ्यांच्या नजरा वड्यांच्या ताटाकडे वळल्या. ताट अर्धं रिकामं झालेलं होतं.

"अरे, देव काय कागद वाचत बसतो?" एक काका म्हणाले आणि दोघं-तिघं हसले.

व्लास्तिमिर हसला नाही. ती त्याच्या टोमण्याची वाट बघत उभी राहिली.

"तुझ्या वड्या?" त्यानं बायकोकडे एकदा बघितलं. बायकोनं मान खाली घातली. मग त्यानं बाटली ठेवली आणि वड्यांचं ताट उचललं. "आत्या, हातातली ठेवा."

"अरे, तीन खाल्ल्या की मी!"

"त्या तीन हिच्या माथी. चौथी ठेवा."

"गोड काहीच उरत नाही हो टेबलावर," वहिनी कळवळली. "पाहुणे काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझी बहीण म्हणते उपासाचं नाही, म्हणजे नाही. तिच्याइतकं कुणी पाळत नाही."

ताट आत गेलं. रुझिका दाराकडे वळली.

"कुठं निघालीस? बस."

"दादा, मी खरंच फक्त सांगायला…"

"माहितीये. बस."

ती काकांच्या शेजारी, रिकाम्या खुर्चीत बसली. काकांनी उत्साहानं तळलेल्या माशाचा मोठा तुकडा तिच्यासाठी उचलला. तिच्या खांद्यावरून एक जाड, केसाळ पंजा पुढे आला आणि तिच्या ताटावर आडवा झाला.

"तिला नाही," व्लास्तिमिर म्हणाला.

टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला भाजलेल्या घेवड्याचं मातीचं भांडं होतं. तो जाऊन ते घेऊन आला. एक डाव वाढला, मग दुसरा. तिनं पहिला घास घेतला तरी तो हलला नाही. गरम भांडं फडक्यात धरून तो बहिणीच्या खुर्चीमागे तसाच उभा राहिला, तिचं ताट रिकामं व्हायची वाट बघत.